वालाचा बेवड : काही सुटी टिपणे

भात कापून झाले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी खाचरातले एक धसकट मुळासकट उपटतो आणि माती हलकेच झाडून उन्हाकडे धरतो. मुळांभोवती गंजाच्या रंगाच्या बारीक रेघा दिसतात. ढेकूळ फोडले तर त्यातही त्याच रेघा, जुन्या खिळ्याने कोरल्यासारख्या. चार महिने हे शेत पाण्याखाली होते. भाताचे मूळ देठाच्या पोकळीतून हवा खाली नेते आणि चिखलात विरघळलेले लोह मुळाजवळ हवेला भेटून गंजते, त्याची ही खूण. या गंजाकडे मी पुष्कळ वर्षे नुसते पाहत होतो. त्याचा माझ्या वालाशी संबंध आहे हे फार उशिरा कळले.

संबंध असा. खाचर पाण्याने भरलेले असते तेव्हा लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटते आणि भाताला मिळते. पाणी उतरले, जमीन वाफशावर आली, की लोह पुन्हा गंजते आणि तेच स्फुरद परत मुठीत घेते. नेमक्या त्याच वेळी आपण वाल टोकतो. भात उत्तम आलेल्या शेतात वाल खुजा, मंद हिरवा का राहतो, याचे निम्मे उत्तर या रेघांत आहे. भाताच्या पिकावरून जमिनीचा कस जोखायचा आणि वालाला काही लागत नाही असे ठरवायचे, ही चूक आमच्या घरात दोन पिढ्या चालली.

*

बदलापूर पूर्वेकडून कोंडेश्वरच्या वाटेला लागले की दोन्ही बाजूंना इमारती उभ्या आहेत आणि मध्ये मध्ये खाचरे उरली आहेत. आमचे 22 गुंठे त्यांपैकी एक. पलीकडच्या बांधापाशी गेल्या वर्षी पत्र्याचे कुंपण आले. संध्याकाळी कर्जत लोकल जाते तिचा आवाज इथपर्यंत येतो. अंबरनाथ तालुक्यात आता शेती म्हटले की लोक विचारतात, भाव काय चालू आहे? त्यांना जमिनीचा भाव हवा असतो. मी वालाचा सांगतो.

*

बेवड हा शब्द शहरातल्या मुलांना ठाऊक नाही. आधीच्या पिकाने मागे जमिनीत जे ठेवले, त्याला बेवड म्हणतात. भुईमुगाचा बेवड चांगला, उसाचा जड. भातावर वाल, वालावर पुन्हा भात, ही आमच्याकडची जुनी फेरपालट याच विश्वासावर चालत आली की वालाचा बेवड भाताला लागतो. विश्वास खरा आहे, पण त्याला अट आहे. ती पुढे लिहितो.

*

शेणखत जाते कुठे? आमच्या भागात त्याचे उत्तर राब. आवणाच्या, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेच्या, जागेवर शेण, गोवऱ्यांचा चुरा, झाडांचे कवळ, गवत असे थर पसरायचे, वर बारीक माती टाकायची आणि उन्हाळ्यात सावकाश भाजायचे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या राबाच्या कवळासाठी शेतकरी आणि जंगल खाते यांच्यात इतकी ओढाताण झाली की 1885 ते 1887 या काळात मुंबई सरकारला त्यावर फॉरेस्ट कमिशन चालवावे लागले. पुढे 1912 मध्ये हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर यांच्यासोबत राबावर स्वतंत्र शास्त्रीय प्रबंध लिहिला. राबाने रोपे जोमदार येतात, तण जळते, हे खोटे नाही. पण हिशेबाच्या वहीत दुसरी बाजूही लिहायला हवी. शेण जळले की त्यातले नत्र धुराबरोबर जाते. राखेत स्फुरद आणि पालाश उरते, तेही दोन-तीन गुंठ्यांच्या आवणात. बाकीच्या खाचराला शेणखताची पाटी दिसतच नाही, आणि भाताच्या मागून येणाऱ्या वालाला तर कधीच नाही. वाल दहिवरावर येतो, असे आजी म्हणायची. तिच्या त्या वाक्यात अभिमान होता. मला आता त्यात वालाची उपासमारही ऐकू येते.

*

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी वालाचे एक झाड खुरप्याने खालून उचलावे, ओढू नये. ओढले तर गाठी मातीतच राहतात. मूळ पाण्यात बुडवून धुतले की मोहरीएवढ्या, काही ज्वारीएवढ्या गाठी दिसतात. एक गाठ नखाने चिरायची. आतून गुलाबी, जवळजवळ मांसासारखी लालसर निघाली तर ती कामावर आहे. पांढरी असेल तर अजून लागलेली नाही, हिरवट-करडी असेल तर संपली. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या जवळच्या नात्यातल्या द्रव्याचा आहे. गाठीतल्या जिवाणूंना प्राणवायू हवाही असतो आणि जास्त झाला तर त्यांचे काम बंद पडते, म्हणून हे द्रव्य तो मोजून मोजून पुरवते. दरवर्षी पहिली गाठ चिरताना मला परीक्षेचा निकाल उघडल्यासारखे वाटते.

*

गाठी न दिसण्याचे एक वर्ष. भातासाठी आणलेल्या 15:15:15 ची दोन पोती उरली होती. फुकट कशाला घालवायचे म्हणून वालाला टाकले. वाल असा काही माजला की येणारे-जाणारे थांबून बघत. गुडघ्यापर्यंत पाला, फुले उशिरा, शेंगा जेमतेम. मुळे पाहिली तर गाठी तुरळक, आतून पांढऱ्या. जमिनीत तयार नत्र भरपूर असेल तर झाड जिवाणूंना घरात घेत नाही, कारण त्यांना पोसायला झाडाची साखर लागते. मी त्याला तयार जेवण दिले आणि त्याची चूल विझवली. त्या मिश्रखतातून वालाला पुरेसे स्फुरद द्यायचे तर तेवढेच नत्रही द्यावे लागते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

*

कडधान्याला शिफारस साधारणपणे हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद अशी असते. नत्र निम्मे आणि स्फुरद दुप्पट, हे उलटे गणित बघूनच कळावे की इथे पोत्याचे काम वेगळे आहे. नत्राचे ते 25 किलो गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या तीन आठवड्यांची शिदोरी. स्फुरद मात्र शेवटपर्यंत हवे, कारण हवेतला नत्राचा एक रेणू फोडायला जिवाणू ऊर्जेचे किमान 16 सुटे पैसे मोजतात आणि ते सगळे पैसे स्फुरदाचे पाडलेले असतात.

आता शेणखताचे बघू. हेक्टरी 5 टन चांगले कुजलेले शेणखत म्हणजे गुंठ्याला 50 किलो. त्यात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद फार तर 0.2 टक्के. म्हणजे हेक्टरी 10 किलो स्फुरद मिळाले. पन्नासमधून दहा गेले, चाळीस उरले. ते नुसत्या शेणातून द्यायचे तर आणखी 20 टन शेणखत लागेल, आणि तेवढे शेण आता आख्ख्या वाडीत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये 16 टक्के स्फुरद असते. चाळीस किलोसाठी 250 किलो सुपर, म्हणजे गुंठ्याला अडीच किलो. आमच्या 22 गुंठ्यांना एक पोते आणि वर पाच किलो. युरिया गुंठ्याला अर्धा किलो, त्याच्या वर चिमूटभरही नको.

हे आकडे मी गोठ्याच्या दारामागे खडूने लिहून ठेवले आहेत. माती परीक्षणाचा कागद हातात असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करावे, पण कागद नाही म्हणून अंदाजाने मूठ मारू नये.

*

डीएपी का नको, असे भाऊ विचारतो. चालेल की. त्यात 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद, कडधान्याच्या गरजेशी बऱ्यापैकी जुळणारे. पण सुपरबरोबर 11 टक्के गंधक आणि कॅल्शियमही येते. डाळीतली प्रथिने बांधायला गंधक लागते. आणि आमच्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस जमीन धुऊन नेतो, तिथे कॅल्शियम परत आले तर बरेच. म्हणून मी सुपर घेतो. दाणेदार मिळाले तर उत्तम, भुकटी असेल तर वारा पडल्यावर टाकावी.

*

सुपरचे पोते उघडले की आंबट, नाकात चढणारा वास येतो. तो वास अंबरनाथच्या जुन्या माणसांच्या ओळखीचा आहे. 1919 मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा कारखाना अंबरनाथला होता. गंधकाचे आम्ल आणि सुपर फॉस्फेट करणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या कारखान्यांत तो मोडतो. स्फुरदाचा खडक दळायचा, त्यावर गंधकाम्ल घालायचे, ते उकळून घट्ट झाले की पिकू द्यायचे. निघाले सुपर. शिलाहारांचे शिवमंदिर इ. स. 1060 चे, आणि त्याच गावात हे खत. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या शेतकऱ्याला हे पोते आगगाडीने लांबून आणावे लागत नव्हते. तरी वालाला सुपर टाकायची रीत आमच्या वाडीत पडली नाही. भाताला टाकत, वालाला नाही. कारखाना शेजारच्याच स्टेशनाला असून ज्ञान बांधापर्यंत यायला माझे अर्धे आयुष्य गेले, ही खंत मला आहे.

अंबरनाथला विमको नाका आहे. तिथे काडेपेट्यांचा मोठा कारखाना होता. काडेपेटीच्या कडेला जी तांबूस पट्टी असते तिच्यात लाल फॉस्फरस असतो, आणि काडीच्या गुलात पालाशाचे क्षार. एकाच गावातून स्फुरद चुलीकडेही जात होते आणि शेताकडेही. शाळेत असताना कुणी हे जोडून सांगितले असते तर रसायनशास्त्र मला इतके परके वाटले नसते.

*

आणखी एक जोडणी. सुपर फॉस्फेटचे पेटंट इंग्लंडमध्ये 1842 साली जॉन बेनेट लॉज यांनी घेतले. हाडांवर गंधकाम्ल घालून ते खत करत. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, त्यांनी आपल्या रॉथमस्टेडच्या शेतात ब्रॉडबॉक नावाचा प्रयोग मांडला. त्यात रासायनिक खतांच्या पट्ट्यांशेजारी शेणखताचाही पट्टा ठेवला. तो प्रयोग आजही चालू आहे. ज्याचा खताचा कारखाना होता त्याने शेणखताला शेजारी बसवले आणि दोघांना वर्षानुवर्षे मोजले. आपल्याकडे अकोल्याला 1988 पासून ज्वारी-गव्हाच्या फेरपालटीवर असाच दीर्घ मुदतीचा प्रयोग चालू आहे. तिथेही शिफारशीची पूर्ण खते अधिक शेणखत, या पट्ट्याने उत्पन्नात आणि जमिनीच्या सेंद्रिय कर्बात आघाडी राखली आहे. सेंद्रिय विरुद्ध रासायनिक अशी भांडणे मी अनेक सभांमध्ये ऐकली. बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एक शेत दहा वर्षे सलग मोजले होते.

*

माझी सध्याची पद्धत. सुपर थेट शेतात फेकत नाही. दसऱ्याच्या आसपास उकिरड्यातले कुजलेले शेणखत सावलीत ओढतो, त्यात सुपर थराथराने मिसळतो, गोमूत्राचा ओलावा देतो आणि तीन-चार आठवडे गोणपाटाखाली झाकून ठेवतो. यात दोन कामे होतात. शेणातून अमोनिया होऊन उडून जाणारे नत्र सुपर धरून ठेवते. ढीग हलवताना डोळ्यांना झोंबणारा वास कमी झाला, यावरून ते समजते. आणि सुपरमधले स्फुरद सेंद्रिय पदार्थात गुंडाळले जाऊन मातीत पडते, म्हणून लोहाला ते लगेच पकडता येत नाही. पहिल्या टिपणातल्या त्या गंजाच्या रेघांना हा माझा जबाब.

मग पेरणीच्या ओळीत, बियाण्याच्या खाली आणि थोडे बाजूला, मूठमूठ. पसरून टाकले तर मातीशी जास्त गाठ पडते आणि जास्त अडकते.

*

बियाणे. 22 गुंठ्यांना 13 किलो लागते. रायझोबियमचे 250 ग्रॅमचे एक पाकीट तेवढ्याला पुरते. गुळाचे कोमट पाणी थंड करून त्यात पाकीट कालवायचे, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे, त्याच दिवशी टोकायचे. सोबत स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे पाकीट. बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. वाल, चवळी, मूग यांना एकच गट चालतो. हरभऱ्याचा वेगळा मागून घ्यावा, दुकानदार न विचारता कोणतेही हातात ठेवतो. पाकिटावरची अंतिम तारीख वाचावी. ते उन्हात, खिडकीत ठेवलेले असेल तर घेऊ नये.

गेल्या वर्षी वाल होता, मग यंदा जिवाणू कशाला? कारण मध्ये चार महिने चिखल होता. हवेवर जगणारे हे जिवाणू त्यात मरत नाहीत सगळे, पण रोडावतात.

*

शेण मिळवणे हे आता खरे काम. घरची एक म्हैस. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, बैलांबरोबर निम्मा उकिरडा गेला. पण शहराच्या कडेला तबेले आहेत आणि तिथे शेणाची अडचण झालेली असते. तबेलेवाल्या भय्यांशी माझा करार तोंडी आहे. पावसाळा संपल्यावर एक टेम्पो, भाडे माझे. ताजे शेण मी कधीच शेतात टाकत नाही. कुजवायला चार महिने तरी देतो, नाहीतर हुमणी घरी आणल्यासारखे होते.

*

उल्हासनगरला कॅम्पात नातेवाइकांकडे गेलो की सकाळी दाल पकवान आणतात. घट्ट हरभरा डाळ, वर चिंचेची चटणी, कुरकुरीत पकवान. 1949 साली कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले, तिथे वसलेल्या निर्वासित सिंधी कुटुंबांबरोबर ही न्याहारी आली. खाताना एक विचार येतो, तो कडधान्य पिकवणाऱ्यालाच येत असावा. एक क्विंटल वाल किंवा हरभरा शेतातून निघाला की त्याच्याबरोबर साधारण पावणेचार किलो नत्र आणि पाऊण ते एक किलो स्फुरद निघते. नत्र हवेतून परत येईल, गाठी आहेत. स्फुरदाला हवेतली वाट नाही. ते डाळीतून शहरात जाते, तिथून गटारात, गटारातून वालधुनीत, उल्हास नदीत आणि खाडीत. शेताच्या बाजूने पाहिले तर तो एकमार्गी रस्ता आहे. पोत्यातले सुपर म्हणजे त्या गेलेल्या स्फुरदाची दुसऱ्या देशातल्या खडकातून केलेली भरपाई, कारण आपल्याकडचा खडक पुरत नाही आणि बराचसा आयात होतो.

म्हणून शहराचा ओला कचरा परत शेतात यावा, असे मला मनापासून वाटते. राज्याने ‘हरित महासिटी कंपोस्ट’ नावाने तशी व्यवस्थाही केली. पण मी घेताना चाळून, पाहून घेतो. कचरा मुळात वेगळा केलेला नसेल तर काच, प्लॅस्टिक, बॅटरीतले शिसे सगळे खतात उतरते. खत नियंत्रण आदेशात सिटी कंपोस्टसाठी किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. तपासणीचा कागद दाखवणाऱ्याकडूनच घ्यावे. डाळ आपल्याच नातवंडांना खायची आहे.

*

भातासाठी चारसूत्री आमच्याकडे मामांनी आणली. डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ही पद्धत: रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला, जोडओळीत नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, सात ते दहा सेंटिमीटर खोल. हेक्टरी 62,500 गोळ्या, वजनात 170 किलोच्या आसपास. यात हिरवा पाला आणि कारखान्याची गोळी एकाच चौकोनात बसवलेली आहे, हे मला फार आवडते. गिरिपुष्प, म्हणजे आमची उंदीरमारी, स्वतः शेंगवर्गीय. बांधावर फांद्या खोचल्या की जगते, तिच्या मुळांनाही गाठी येतात. तुसाच्या राखेमुळे राबासाठी शेण भाजायची गरज कमी झाली, आणि माझ्या वालाला शेणखत मिळाले ते असे, भाताच्या घरात बचत होऊन.

*

बेवडाची अट. वाल मुळासकट उपटून खळ्यावर नेला, झोडला, भुसा गुरांना घातला, आणि शेण राबात जाळले, तर बेवड कुठला राहणार? गाठींनी हवेतून आणलेल्या नत्राचा मोठा हिस्सा दाण्यात जातो. उरलेला पाला-मुळांत असतो. तोही उचलला तर जमीन होती तिथेच, कधी कधी थोडी मागे. म्हणून मी आता वाल विळ्याने कापतो, मुळे आत ठेवतो. गळलेला पाला झाडत नाही.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी नांगरणी-चिखलणी-लावणी सोडून गादीवाफ्यांवर टोकणीची सगुणा पद्धत रुजवली. तिचे मर्म मुळे जागेवर कुजू देण्यात आहे, आणि त्याच वाफ्यावर मागून वाल, चवळी, हरभरा घेता येतो. तण मारायला त्यात तणनाशकावर भिस्त आहे, तिथे माझे मन अडते. पण मुळांबद्दल ते जे सांगतात ते मी माझ्या खाचरात खणून पाहिले आहे. कुजलेल्या मुळाच्या नळीत गांडूळ शिरलेले असते.

*

शेजारची काकी म्हणते, “एवढं करून काय, गुरं सुटली की सगळं त्यांचंच.” तिचे खरे आहे. दिवाळीनंतर गुरे मोकाट सोडायची रीत अजून आहे, आणि एकट्याने वाल केला की सगळ्या वाडीची गुरे त्याच्याकडे येतात. खत, जिवाणू, वाण यांच्यावर कर्जतच्या संशोधन केंद्रात आणि दापोलीच्या विद्यापीठात काम झाले, कोकण वालाचे वाण निघाले. पण चार शेजाऱ्यांनी एकाच वेळी पेरायचे ठरवले नाही तर पिशवीतले वाण पिशवीतच. गेल्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून टोकला आणि पाळीपाळीने राखण केली. काकीही त्यात होती.

*

यंदा एक कोपरा चार पट्ट्यांत वाटला आहे. एकात काहीच नाही, एकात नुसते शेणखत, एकात नुसते सुपर, चौथ्यात दोन्ही मुरवून. जिवाणू चौघांनाही. खुंट्या ठोकल्या आहेत, चिंध्यांचे रंग वेगळे. आजच्या पाहणीत: पहिला पट्टा मंद, पाने लहान. नुसत्या सुपरचा उठावदार, पण दुपारी बाराला माना टाकतो. नुसत्या शेणखताचा मान टाकत नाही, वाढीला मागे. चौथा दुपारीही ताठ, आणि फूल त्यालाच आधी दिसले, जांभळट, एकच. गाठी पुढच्या आठवड्यात चिरेन. शेंगा तोडल्यावर चारी पट्ट्यांचे वजन वेगवेगळे करायचे आणि मुळे आत ठेवायची. जूनमध्ये त्याच खुंट्यांवर भात पाहायचा आहे, म्हणून खुंट्या काढू नयेत असे घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे.